रेडिओचा वर गेलेला हात

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर त्याचं केस कापायचं दुकान होतं. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड जे सुरू व्हायचं, ते संध्याकाळी शटर खाली आल्यावरच थांबायचं. गिऱ्हाइकाने सुरू केलेलं वाक्यही बहुतेक वेळा तोच पुरं करायचा. फक्त वस्तरा कातडीला लागला की तो चिडीचूप. धार चालू असताना बोलायचं नाही, हा बापाने घालून दिलेला नियम त्याने कधी मोडला नाही. ऑपरेशनआधी रुग्णांचे केस काढायला हॉस्पिटलवाले त्यालाच बोलवायचे, ते याच गुणामुळे.

पुढे आरोग्य खात्याचं नवं धोरण आलं. प्रत्येक हॉस्पिटलने एक समिती नेमायची, तिने कचरा, धूर, सांडपाणी, शेजाऱ्यांचे हक्क आणि कारभार यांवर लक्ष ठेवायचं, आणि तिच्यात शेजारपाजारचा एक माणूस हवाच. हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, रेडिओची निवड केली. माणूस हेरण्यात ते पक्के होते. एवढा बोलघेवडा समितीवर आहे म्हटल्यावर गल्ली निर्धास्त राहील आणि बड्या लोकांत बसल्यावर हा काही तोंड उघडायचा नाही, हा त्यांचा हिशेब.

तो तंतोतंत बरोबर निघाला. सभेत बसलं की रेडिओची दातखीळ बसायची. तक्ते आणि जड जड शब्द डोक्यावरून जायचे. तो चहा प्यायचा, इतरांनी मान डोलावली की आपली डोलवायचा, इतरांचे हात वर गेले की आपला वर करायचा. दुकानात आल्यावर मात्र सभेचं वर्णन असं रंगवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हॉस्पिटल याच्याच सल्ल्याने चाललंय.

त्याच्या बायकोला दमा होता. हॉस्पिटलच्या मागच्या आवारात एक भट्टी होती. तिच्यात वापरलेल्या पट्ट्या, नळ्या, पिशव्या जाळत, आणि तो धूर नेमका यांच्या खिडकीशी यायचा. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबून ती स्वयंपाक करायची. एकदा फारच दम लागला म्हणून ती हॉस्पिटलात गेली. तिथे बाकावर बसल्या बसल्या तिने समोरचा नवा फलक वाचला. भट्टी पुढेही चालू ठेवायचा निर्णय समितीने शेजाऱ्यांच्या प्रतिनिधीसह एकमताने घेतला आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

घरी येऊन तिने आदळआपट केली नाही. ताट वाढलं आणि समोर बसली.

"दिवसभर जगाशी बोलता. माझ्यासाठी एकदा 'नको' म्हणायला जीभ झडली होती का?"

"कशासाठी हात वर करतोय ते मला कळलंच नाही गं."

"मग खाली ठेवायचा."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. रेडिओला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुकानातली बडबड आटली आणि वैतागून गिऱ्हाइकं वाचायला पेपर मागू लागली.

अशात मोठ्या डॉक्टरांचंच हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. केस काढायला अर्थातच रेडिओ गेला. डॉक्टर उताणे पडून छताकडे बघत होते. अंगावर एक पातळ चादर, तीही मांड्यांपर्यंत खाली सरकवलेली. अशा वेळी आपल्या पदव्यांचं काय करायचं, ते कुणालाच सुचत नाही. रेडिओने बेंबीखाली साबण लावला, वस्तरा टेकवला आणि बापाचा नियम मोडला.

"साहेब, हलू नका. त्या दिवशी मी न समजता हात वर केला. भट्टीच्या धुराने माझ्या बायकोला श्वास पुरत नाही. तो विषय पुन्हा सभेत घ्या आणि गल्लीला बोलवा."

डॉक्टरांनी छतावरची नजर वस्तऱ्याकडे वळवली. "धमकी देताय का?"

रेडिओने वस्तरा उचलून बाजूला धरला. "नाही साहेब. खुर्चीत बसलेल्या तुमच्याशी मला बोलताच येत नाही, म्हणून."

उरलेलं काम त्याने मुकाट्याने केलं. कुठे ओरखडासुद्धा आला नाही.

डॉक्टर बरे झाले आणि त्यांनी खरोखरच सभा बोलावली. भीतीने बोलावली की शरमेने, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गल्लीतली माणसं आली, भिंतीला टेकून उभी राहिली. रेडिओ आपल्या नेहमीच्या खुर्चीत होता. बायको बोलायला पुढे आली, "आमच्या खिडकीतून" एवढं म्हणाली आणि तिला दम लागला. रेडिओने तोंड उघडलं, पण तिचं वाक्य पुरं केलं नाही. तोंड मिटून तो तिची वाट बघत राहिला. सगळ्या खोलीत तिच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बसून सांगा, बाई. घाई नाही," डॉक्टर म्हणाले.

ती बसली आणि थांबत थांबत सगळं बोलली. मधे कुणी घड्याळ बघितलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, भट्टी चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकही हात वर गेला नाही. रेडिओने तर आपले दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते, आणि बायको तिकडेच बघत होती.