सूर्याची ख्यालीखुशाली

आमच्या साडभाऊंना सूर्याची जेवढी काळजी, तेवढी खुद्द सूर्यालाही नसेल. मंगरूळपीरला त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून, म्हणजे वाइंडिंग करून द्यायचं दुकान. पण गिऱ्हाईक "मोटार झाली का?" विचारायला आलं, की हे त्याला संगणकावर कालच्या सौरज्वाळांचा आलेख दाखवत बसायचे. सूर्याचे क्ष-किरण वरच्या हवेतच अडतात, म्हणून ते टिपायला दुर्बीण थेट अवकाशात सोडावी लागते. अशा एका दुर्बिणीच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात हे कळलं आणि माणूस कामातून गेला. "सूर्यावर बी वाइंडिंगच हाये," ते सांगायचे. "चुंबकाचा पीळ बसत जाते, बसत जाते, अन् मंग तुटते. तेच भडकणं." गिऱ्हाईक मान डोलवून रिकाम्या हाताने परत जायचं.

ती दुर्बीण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारायची आणि त्यातला अर्धा तास सूर्य तिला दिसायचा नाही. साडभाऊंची आंघोळ, दाढी, जेवण, सगळं त्या अर्ध्या तासात. नोंदी हाती यायच्या दुसऱ्या दिवशी, पण ते विचारायचं नाही. शिरपूरला पुतणीच्या लग्नात पंगत बसली तरी हे घड्याळ बघत उभे. "ते बिचारी तिकडं जागी हाये, अन् आपण जिलबी खावं?" त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मला म्हणाली, "सवत असती तं भांडता तरी आलं असतं, भाऊजी. हे तं दिसत बी नाई."

मोठी ज्वाळा आली की साडभाऊ पेढे वाटायचे. पुढे त्यांनी वाचलं, की अशा भडक्यांनी वरची हवा तापून फुगते, दुर्बिणीला अडवते आणि ती हळूहळू खाली येते. पेढे त्या दिवशीच बंद झाले. "आता यानं दमानं घ्याले पायजे," उन्हात उभे राहून ते म्हणायचे. सूर्य काही ऐकेना. साडभाऊ रोज दुर्बिणीची घटत चाललेली उंची बघायचे. एका सकाळी नोंद आलीच नाही. दुर्बीण हवेत शिरून जळून गेली होती.

साडभाऊंनी तिची तेरवी घातली. गल्ली हसली, मीही हसलो, पण जेवायला सगळे आले. स्वयंपाक मेहुणीनंच केला. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना दुर्बीण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कुणाच्याही दुःखात बसावं तशा त्या साडभाऊंजवळ जाऊन बसल्या.

"किती वर्साची होती?"

"नऊ."

"बिमार होती काय?"

"नाई काकू. ज्याच्याकडं पाहून राह्यली होती, त्यानंच नेली."

एवढं बोलून साडभाऊ रडायला लागले. काकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, "रडून घे बाप्पा," म्हणाल्या. पंगतीत कुणी हसलं नाही.