एका कॉम्प्युटरात तीन पायथन

रिपेरीला आलेला कॉम्प्युटर मालक घेऊन जातो, पण त्याचा किस्सा आमच्याकडंच राहतो. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात असे इतके किस्से साठलेत की चहाला बसलं की एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं मध्येच तोडायचं, "ते राहू दे, कागलचं सांग की."

आम्ही तिघं. मी, कुरुंदवाडचा शब्बीर मुल्ला आणि हातकणंगल्याची वैशाली. स्क्रीन फुटली, कीबोर्डवर चहा सांडला, असली कामं कुणीही करतं. आमच्याकडं येतात ती 'कालपर्यंत चालत होतं' म्हणणारी माणसं. नवीन काहीतरी टाकलेलं असतं आणि जुनं रुसून बसलेलं असतं.

*

इंजिनिअरिंगची एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट दाखवायचा होता आणि ती रडकुंडीला आलेली.

"सर, लायब्ररी चारदा टाकली. तरी प्रोग्रॅम म्हणतोय, लायब्ररी न्हाईच."

शब्बीरनं एक कमांड मारली. स्क्रीनवर तीन ओळी आल्या. तिचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेला ती पायथन, आणि एका कॉम्प्युटरात पायथन तीन, तिन्ही वेगळ्या व्हर्जनचे. लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं तयार सामान, जात होती एकात, प्रोग्रॅम चालत होता दुसऱ्यात.

"समज, तुमच्या घरात तीन सुनीता हायत," शब्बीर म्हणाला. "दारातनं हाक मारली तर कोण येणार?"

"जी दाराजवळ असंल ती."

"मग? सामान दिलंस माडीवरच्या सुनीताकडं आणि जाब विचारतीस दारातलीला."

प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एकाच सुनीताची स्वतंत्र खोली, त्यानं तिच्याच हातानं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, हे वेगळं कशासाठी? तिनं तीन सुनीता सांगितल्या आणि पास होऊन आली.

तेव्हापासून त्या कॉलेजची पोरं दुकानात येऊन विचारतात, "सुनीता सर हायत का?"

*

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक छोटा कारखाना आहे. तिथल्या पार्ट मोजायच्या मशीनचं सॉफ्टवेअर जावा नावाच्या भाषेच्या जुन्या व्हर्जनवर चालायचं. ऑफिसात कुणीतरी दुसऱ्या कामासाठी नवीन जावा टाकली आणि टाकताना जुनी काढून टाकली. मोजमाप बंद. माल तयार, पण मोजल्याशिवाय गाडीत चढेना.

"मी जातो," वैशाली म्हणाली. आमच्या भागात बायका पण 'जातो'च म्हणतात.

तिनं जुनी जावा शोधून परत बसवली, नवी तशीच ठेवली आणि मशीनच्या सॉफ्टवेअरला जुनीचाच पत्ता लिहून दिला. तासाभरात मोजमाप सुरू. कारखान्याच्या मालकीणबाई इतका वेळ मागं खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"म्हंजे दोन जावा एकाच घरात ठेवल्यास?" त्यांनी विचारलं. "भांडत न्हाईत?"

"भांडत्यात की," वैशाली म्हणाली. "म्हणून चुली येगळ्या केल्या."

*

शब्बीर हरला तो किस्सा तो स्वतःच सांगतो, म्हणून मी पण सांगतो.

कुरुंदवाडचे एक रिटायर्ड तलाठी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आजूबाजूच्या शिवारांची जुनी नावं ते कॉम्प्युटरवर गोळा करत होते. कितीतरी वर्षांचं काम. त्यांच्या घरच्या मशीनवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि तिथं शब्बीरला जुना पायथन दिसला. "अडगळ हाय," म्हणून त्यानं न विचारता काढून टाकला. त्या जुन्या पायथनवर अख्खी सिस्टीम उभी होती. मशीन परत सुरू केलं तर काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं.

अण्णा आत चहा सांगायला गेले होते. शब्बीरला काहीही सांगता आलं असतं. व्हायरस म्हणाला असता तरी खपलं असतं. पण अण्णा बाहेर यायच्या आत तो स्वतः आत गेला.

"अण्णा, चूक माझी हाय. तुमची नावं सगळी जाग्यावर हायत, आधी तेच बघितलं. पण बाकीचं परत बसवाय संध्याकाळ हुईल."

अण्णा म्हणाले, "सगळी नोकरी लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात गेली. आपली आपण घेऊन आलेला तू पहिलाच. बस, जेवून मग कर."

*

आता देसाई सरांचं सांगतो.

सर हायस्कूलला इतिहास शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर कानानं वापरतात, स्क्रीनवर जे येईल ते सॉफ्टवेअर इअरफोनमध्ये बोलून सांगतं. पण छापील मराठी पुस्तकाचा फोटो काढून तो मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मात्र सरांनी स्वतः लिहिलेला. त्यावरच ते धड्यांची तयारी करायचे. एक दिवस अपडेट आलं, लायब्रऱ्या बदलल्या आणि प्रोग्रॅम मुका झाला. सोमवारी नवीन धडा होता.

सरांच्या लॅपटॉपची स्क्रीन कायम बंद. वैशालीनं आपल्याला दिसावं म्हणून दुकानातला मोठा मॉनिटर जोडला.

"सर, आधी कुठल्या व्हर्जन होत्या, लिहून ठेवलंय काय?"

"लिहून न्हाई. घ्या." आणि सरांनी एकोणीस लायब्रऱ्यांची नावं आकड्यांसकट तोंडपाठ सांगितली. वैशालीची बोटं मागं पडायला लागली.

सगळं उतरवून झालं. तरी दोन लायब्रऱ्यांचं एकमेकींशी जुळेना. वैशाली म्हणाली, "सर, कीबोर्ड जरा तुम्हीच घ्या, मी एरर बघतो." सरांनी कीबोर्ड घेतला. आणि लाईट गेली.

आमचं दुकान तळघरात. भरदुपारी हाताला हात दिसेना. मॉनिटर गेला, वैशालीचं बोलणं अर्ध्यात थांबलं. शब्बीर चार्जिंगला लावलेला मोबाईल चाचपडत निघाला आणि स्टुलाला धडकला. मी होतो तिथंच उभा राहिलो.

सरांचा लॅपटॉप बॅटरीवर, त्याच्या कीबोर्डचा आवाज तेवढा चालू होता. टक टक टक.

मग अंधारात लॅपटॉप मराठीत बोलायला लागला. धड्याचं नाव, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. सरांनी एक परिच्छेद पूर्ण ऐकला आणि बंद केला.

"का ओ," ते म्हणाले, "सगळी एकदम गप का झालासा?"