डांगराच्या फुलातलं बाळ

बालवाडी-शिक्षिकांच्या प्रशिक्षणात मी नगरला पहिली आले होते. त्यामुळे फुलांविषयी जगात कळण्यासारखं जे काही आहे ते मला कळलेलं आहे, अशी माझी पक्की खात्री होती. ही खात्री आणि एक वळकटी घेऊन मी बहात्तरच्या दुष्काळात नेवासा तालुक्यातल्या एका गावात रुजू झाले. गावात त्या वर्षी फूल म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. पण अभ्यासक्रमात ‘फुलांचा आठवडा’ होता, आणि अभ्यासक्रमाला पाऊस लागत नाही.

मारुतीच्या देवळाच्या ओवरीत माझी बालवाडी भरायची. तीन ते पाच वर्षांची बावीस पोरं. त्यांचे आईबाप उजाडताच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. पोरं यायची ती दुपारी खायला मिळणाऱ्या सुकडीसाठी, पण ती माझ्या गाण्यांसाठी येतात असं मी घरी पत्रात लिहीत असे.

फूल मुलांनी हातात घ्यावं, हुंगावं, उकलावं, कागदावर चिकटवावं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी त्यात स्वतःची अक्कल घातली आणि ‘फुलाचं कुटुंब’ असा तक्ता काढला. पाकळ्या म्हणजे घर, मधले केसर म्हणजे आई आणि बाबा, आणि खालच्या फुगीर भागात बाळ. कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण तेव्हा गावातल्या प्रत्येक भिंतीवर होते. खऱ्या फुलात बाबा पुष्कळ असतात, पण तालुक्याहून येणाऱ्या तपासणीस बाईंना ते रुचलं नसतं, म्हणून मी एकच ठेवला. गुरुवारी त्या येणार होत्या. त्यांच्या शेऱ्यावर माझी सहा महिन्यांची नोकरी कायम व्हायची होती.

सोमवारी मी मुलांना फुलं आणायला सांगितलं. मंगळवारी रुई आली, बाभळीचे गोंडे आले. एकाने मारुतीच्या गळ्यातला कालचा हारच काढून आणला. तिघांनी धोतरा आणला. मी घाबरून सगळ्यांचे हात धुववले आणि त्यात दिवसभराचं पाणी संपवलं.

आणि एक चार वर्षांची मुलगी डांगराची दोन टपोरी पिवळी फुलं घेऊन आली. तिच्या दारात लाल भोपळ्याचा एक वेल होता. आई तिला वेलाच्या बुडाशीच दगडावर बसवून अंघोळ घालायची, तेवढ्या पाण्यावर तो जगला होता. गावात हिरवं म्हणून जे काही होतं, त्यातलं बरंचसं तिच्या दारात होतं.

मी फूल उलटंपालटं केलं. देठ लांब, सरळ. खाली फुगीर भाग नाही.

“अगं, हे अर्धवट फूल आहे. यात आई कुठे आहे?”

“आय खडी फोडाया गेली.”

मी हसले. नगरला मैत्रिणींना सांगायला छान किस्सा मिळाला, असंही मनात आलं. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, “असं खाली बाळ असलेलं फूल हवं.”

“त्ये तोडायचं नसतं, बाई. ह्ये भाजीचं फूल हाय. बाळवालं डांगराचं हाय. आय मारती.”

माझ्या पाठ्यपुस्तकात नर फूल आणि मादी फूल यांवर एक अख्खं पान होतं. मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. ते पान ही पोर मला तोंडी सांगत होती आणि मला ते ओळखू आलं नाही. मी म्हणाले, “आई काही मारत नाही. बाईंनी सांगितलंय म्हणून सांग. जी जास्त आणेल ती शहाणी.”

गुरुवारी सकाळी ती फ्रॉकचा ओचा भरून आली. दोन उमललेली फुलं, पाच-सहा कळ्या, आणि चार तर लिंबाएवढी धरलेली डांगरं, टोकाला सुकलेलं फूल घेऊन. मी तिला पुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तपासणीस बाई आल्या तेव्हा बावीस पोरं फुलांखालची बाळं नखांनी चिरत होती, पाकळ्या खळीने कागदाला चिकटवत होती. बाईंनी तक्त्यावरचं एकुलतं बाळ पाहिलं आणि त्यांना भरूनच आलं.

तेवढ्यात त्या मुलीची आई आली. जेवणाच्या सुट्टीत घरी गेली होती, तिथे वेल ओरबाडलेला दिसला होता. अंगावर खडीची पांढरी धूळ तशीच होती. तिने ओवरीत सगळीकडे एकदा पाहिलं.

“बाई, पोरीनं सांगितलं न्हाई व्हय तुमाला? ही तोडायची नसत्यात म्हून?”

तपासणीस बाई माझ्याकडे बघत होत्या. वही त्यांच्या मांडीवर उघडी होती.

मी म्हणाले, “नाही हो. मी तर पडलेली फुलंच आणायला सांगितली होती. मुलं ऐकतात का कुठं!”

आईने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. पोर रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग आई खाली बसली आणि पोरांच्या हातांतले, सतरंजीवरचे डांगराचे तुकडे, खळ लागलेलेसुद्धा, वेचून पदरात घेऊन गेली. तपासणीस बाईंनी लिहिलं, ‘पालक वर्गाच्या साफसफाईतही हिरिरीने भाग घेतात. उपक्रम अनुकरणीय.’ मी कायम झाले. त्या शेऱ्याची मी नक्कल करून घेतली होती आणि बरीच वर्षं ती जपली, इतकी मी निर्लज्ज होते.

दुसऱ्या दिवशी ती पोर येणार नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिने येऊ नये असंही वाटलं. ती आली. नेहमीच्या जागी बसली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. सुकडी वाटताना मी तिला दोन मुठी जास्त घातली. एवढंच मला सुचलं. तिने ती सगळी खाल्ली, तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी आली.

“येलाला एक राह्यलंय, बाई. पानाखाली हाय. आय म्हनली, बाईला सांगू नगं.”