पोकळ वर्तुळं

समुद्राचा नकाशा काढायला मी भोपाळला गेले होते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. भोपाळला समुद्र नाही, तलाव आहे. पण माझ्या बाबांसारखा शाईचा हात मला किनाऱ्यावरच्या आमच्या संस्थेत कुणाचाच दिसला नव्हता. बाबा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि त्याच कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, आमचं सगळं आयुष्य गेलं.

मी नुकतीच दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून परतले होते. जहाजावरचं आमचं काम सांगायला सोपं. ठरलेल्या जागी थांबायचं, जाळं खोल सोडायचं, वर ओढायचं आणि त्यात क्रिल किती आले ते मोजायचं. क्रिल म्हणजे बोटाच्या पेराएवढा, कोळंबीसारखा जीव. तिथले देवमासे आणि पेंग्विन त्याच्यावरच जगतात. तो कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा मला पंधरा दिवसांत द्यायचा होता.

बाबांनी रजा टाकली. मी जागा आणि आकडा वाचायची, ते ट्रेसिंग पेपरवर ठिपका भरायचे. जास्त क्रिल, मोठा ठिपका. पहिलं शून्य आलं तेव्हा मी म्हटलं, "हे सोडा बाबा. उगीच नकाशात गर्दी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जाळं टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं."

"मग सोडा काय म्हणतेस? निरंकसुद्धा नोंद असते बेटा. तिथं पोकळ वर्तुळ काढायचं. नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं, की इथं कुणी पाहिलंच नाही, की पाहिलं आणि सापडलं नाही?"

हे मलाही शिकवलं होतं. आळसापायी मी विसरले होते. पण बाबांना ते शिकवलं कुणी? आणि त्यांचे प्रश्न थांबेनात. जाळं किती वेळ पाण्यात होतं? एकदाच टाकलं? परत गेला होतात त्याच जागी? विचारताना ते नकाशाकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत. बाहेर समोरच्या क्वार्टरची पिवळी भिंत होती, दुसरं काही नव्हतं. मी शून्य म्हटलं की त्यांचा हात आपोआप वर्तुळं काढायच्या भोकांच्या पट्टीकडे जायचा, इतक्या सवयीनं की मला ते बघवेना.

तिसऱ्या दिवशी कोरा ट्रेसिंग पेपर संपला. मी कपाटामागची जुनी गुंडाळी काढून उलगडली. त्यावरही वर्तुळं होती. सगळी पोकळ, शेकड्यांनी, त्याच मापाची, त्याच शाईची. क्षणभर मला तो माझाच समुद्र वाटला आणि मी त्यात किनारा शोधायला लागले. मग बाबांच्या चौकोनी अक्षरात 'गोविंदपुरा' दिसलं, म्हणजे हे भोपाळ होतं. खाली बिट्टन मार्केट. वर करोंद. प्रत्येक वर्तुळाशेजारी मुंगीएवढ्या आकड्यांत तारीख आणि वेळ.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाबांनी खटपट करून त्याला कारखान्यात अप्रेंटिस लावलं होतं. तो खाडे करायला लागला, तेव्हा एक दिवस बाबांनी त्याला गेटवर, सुटलेल्या अख्ख्या शिफ्टसमोर, थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि परत आला नाही. सायकल स्टँडवर तशीच होती. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. दोन महिन्यांनी शेजारच्यांनी येऊन सांगितलं, "भाईसाब, आपका लड़का करोंद मंडी में बोरे उठा रहा था. मैंने आवाज़ दी तो सरक लिया." तेव्हापासून बाबा त्याला शोधत होते हे मला ठाऊक होतं. असं शोधत होते हे ठाऊक नव्हतं. करोंदचं एकच वर्तुळ अर्धं काळं भरलेलं होतं. ऐकीव म्हणून.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तेवढाच भाग कोरा होता.

"एवढा तुकडा राहिलाय. हा भरला की थांबतो म्हणालेत. मार्चअखेर हे रिटायर होतील, क्वार्टर सोडावं लागेल, मग नागपूर. मी भांडी बांधायला घेतलीत." असं म्हणून तिनं एक मोठा श्वास सोडला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली.

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते ते उगीच नाही. त्याच संध्याकाळी माझ्या नोंदींच्या शेवटच्या कागदावर बाबा अडखळले. जहाजावर एक यंत्र असतं. ते पाण्यात आवाज सोडतं. खाली जिवांचा थवा असला की प्रतिध्वनी येतो आणि कागदावर काळा पट्टा उमटतो. एका ठिकाणी पट्टा गडद होता आणि जाळ्याचा आकडा शून्य.

"हे काय? यंत्र म्हणतंय आहेत, जाळं म्हणतंय नाहीत."

मला काय, शिकवायला मिळालं की झालं. मी म्हटलं, "दिवसा टाकलेलं जाळं त्यांना दिसतं. जवळ आलं की ते बाजूला सरकतात. असतात तिथंच."

"असतात तिथंच?"

"हो. हातभर लांब असतील जाळ्यापासून. म्हणून दिवसाच्या शून्यावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही. रात्री टाकलं की भरून येतं."

बोलून झाल्यावर मला माझे शब्द ऐकू आले. बाबांनी पेनाचं टोपण लावलं, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मला ती दुपार आठवली. मी कठड्याशी उभी होते, रिकाम्या जाळ्यातून पाणी गळत होतं. समुद्र राखेसारखा, वारा नाही, एक पक्षी नाही. आणि आत यंत्राचा कागद आमच्या पायांखाली काळा पट्टा काढत होता. असंख्य डोळे खालून आपल्याकडे बघताहेत आणि आपण वळलो की सरकताहेत, असं वाटून मी आत पळाले होते. जेवताना ते विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीतून खर्र खर्र आवाज यायला लागला. ट्रेसिंगवरची शाई खोडायची तर अर्ध्या ब्लेडनं खरवडावी लागते. बाबा भोपाळचा नकाशा पुढ्यात घेऊन एकेक वर्तुळ खरवडत होते. करोंदचं अर्धं काळं तेवढं ठेवलं होतं.

"ही सगळी दिवसाची आहेत गं," ते म्हणाले. "पहिल्या शिफ्टनंतरची, नाहीतर रविवारची. मी येताना लांबूनच दिसत असणार त्याला." चार वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मला त्या खुशीची भीती वाटली. जेवून ते चक्क झोपले. दिवसा कधी पाठ न टेकणारा माणूस. उशाशी टॉर्च होता आणि नवे सेल.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू सुरू केलंस, आता तूच थांबव. सांग त्यांना, रात्रीची जाळीही रिकामीच येतात म्हणून. तुझं ऐकतील."

मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. तरी बाबा उठल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी कागद पुन्हा तपासले. रात्रीही काही सापडत नाही."

त्यांनी हात पुढे केला. "बघू कागद."

रात्रीचे कागद माझ्या मांडीवरच होते. एकातही शून्य नव्हतं. मी ते दिले नाहीत. बाबांनी हात मागे घेतला. "खोटी नोंद करू नये बेटा," ते हळूच म्हणाले. "मग कुठल्याच नोंदीवर विश्वास बसत नाही."

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे खरंच येतात? रात्री?"

"क्रिल येतात, आई. क्रिल."

पण ती वळली होती. बांधून ठेवलेल्या भांड्यांच्या पोत्याची सुतळी तिनं सोडली आणि आतून मोठा डबा काढला. दिवेलागणीला बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा तिनं तो माझ्या हाती दिला. जड लागला म्हणून मी झाकण काढून पाहिलं. आत सहा पोळ्या होत्या. बाबा तीनच खातात.