कूलरचा पाइप आणि पिवळी रेघ

दादा गेल्याची बातमी मला घरच्या माणसाच्या तोंडून कळली नाही. नातेवाइकांचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी कुणीतरी सुविचार टाकतं. त्या दिवशी सुविचाराच्या खाली दादाचा फोटो होता आणि फोटोखाली जोडलेले हात. मी दिल्लीत, मुनिरक्याला माझ्या घराजवळ भाजीवाल्यासमोर उभा होतो. दोन जुड्या मेथी घेतली, घरी आलो, मेथी निवडली, आणि मग द्वारकेला दादाच्या घरी जायला निघालो. सहा वर्षं ज्या माणसाशी एक शब्द बोललो नाही, त्याच्यासाठी धावत कसं सुटायचं ते मला कळत नव्हतं. जलदानविधीला लोक भरभरून बोलले. मिलिंदराव किती सरळ, किती काटेकोर, खोटं म्हणून कधी खपवून घेतलं नाही... मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि दात आवळत होतो. आता इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी 'धाकट्या भावाने चार चांगले शब्द लिहावेत' असा निरोप आला आहे. चांगले शब्द मागच्या महिन्यातच वाटून संपले हो. माझ्याकडे जे उरलंय ते लिहितो.

वडील नांदेडकडून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि आम्ही दोघे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याचा आवडता शब्द 'दाखव'. अभ्यास झाला म्हटलं की वही दाखव, दात घासले म्हटलं की तोंड दाखव. आईनं डाळ शिजली म्हणून सांगितलं तरी हा झाकण उचलून बघणार. असा माणूस सरकारी ऑडिटमध्ये गेला नसता तरच नवल. तिथे तो अधिकारी झाला. मी सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर झालो. घरी पाहुणे आले की तो माझी ओळख 'आमचा सिधू, टेक्निकल साइडला आहे' अशी करून द्यायचा. फिटर हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मला त्याची लाज वाटत नव्हती, त्याला वाटायची.

रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, नातवंडांना बसस्टॉपवर सोडतात. दादानं बग्गी केली. बग्गी म्हणजे वाळूत पळवायची गाडी. तिला ना दार ना काच, नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा, खाली फुगलेले टायर आणि मागे एका जुन्या मोटारीचं इंजिन. कुठल्यातरी व्हिडिओत बघून हे वेड डोक्यात शिरलं. सांगाडा वेल्डरकडून करून घेतला आणि बाकीचं सगळं सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मी केलं, सहा महिने प्रत्येक रविवारी. रस्त्यावर ती चालवायला परवानगी नव्हती, म्हणून टेम्पोवर चढवून रेवाडीच्या पलीकडे नेत. तिकडे वाळूच्या टेकड्या आहेत, टिब्बे म्हणतात त्यांना. सुनंदावहिनी आधी हसायच्या, म्हणायच्या, घोडा नसलेल्या बग्गीत कोण बसतं. मग बसायला लागल्या, आणि उतरायला तयार नसायच्या. आयुष्यभर दादानं झाकणं उचलून बघितली, पण टिब्ब्यावरून गाडी खाली सुटली की तोंड उघडं टाकून लहान पोरासारखा हसायचा. तेवढं एक मी नाकारत नाही.

दोन वर्षांत पेट्रोलचे रबरी पाइप गेले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. मी पेट्रोलसाठी बनतात तसले जाड काळे पाइप आणून सगळी लाइन बदलली. टाकीत टॉर्च धरून बघितलं तर आतून गंज सुटलेला. म्हटलं, "दादा, टाकीपण बदल. हा गंज पाइपात उतरेल आणि लाइन तुंबेल." तो म्हणाला, "अरे यार सिधू, तुला प्रत्येक गोष्ट बदलायचीच असते. टाकी ठीक आहे." अधिकाऱ्याचा शेरा पडला, विषय संपला.

इथे आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगायला हवी. पाइप जिथे जोडतो तिथे वरून पत्र्याची क्लिप बसवून तिचा स्क्रू आवळतात. आवळून झाला की स्क्रूच्या डोक्यावरून क्लिपच्या पट्टीवर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कुणी स्क्रूला हात लावला की रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांसमोर राहत नाहीत. प्रत्येक फिटरचा रंग ठरलेला, माझा पिवळा. तीस वर्षं मी पिवळी रेघ ओढली आणि तीस वर्षांत माझी क्लिप सुटल्याची तक्रार आली नाही. त्या दिवशी बग्गीच्या प्रत्येक क्लिपवर मी रेघ ओढली तेव्हा दादा शेजारी उभा होता. "ही काय रांगोळी?" म्हणून त्यानं विचारलं होतं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं.

पुढच्याच महिन्यात टिब्ब्यावर बग्गी पेटली. मी ड्यूटीवर होतो. टाकीपाशी पाइप निसटला, पेट्रोल सांगाड्यावरून वाहत तापलेल्या सायलेन्सरवर गेलं आणि भडका उडाला. शेजारी बसलेल्या वहिनींचा सीटचा पट्टा लवकर सुटेना. सोडवता सोडवता त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दादानं आणि टेम्पोवाल्यानं ओंजळी ओंजळीनं वाळू टाकून आग विझवली. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तर व्हरांड्यात मंडळाची चार माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर दादा मला म्हणाला, "सिधू, क्लिप ढिली ठेवलीस तू." मी म्हटलं, "क्लिप दाखव." जन्मात पहिल्यांदा तो शब्द मी त्याला म्हटला. तो म्हणाला, "भंगारात गेली."

बस. आत वहिनी कण्हत होत्या. मी घरी आलो. दिल्लीतली मराठी माणसं थोडी, आणि एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मंडळींच्या गाड्या एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. कुणी तोंडावर बोललं नाही. 'अहो, तुम्हाला कशाला त्रास' म्हणायचे. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला साहेबांनी माझ्या हाताचं कौतुक केलं तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं, ते खाकरणं अजून माझ्या कानात आहे. मी दादाकडे जाणं सोडलं. तोही आला नाही. आईच्या स्मृतिदिनालासुद्धा आम्ही विहारात दोन टोकांना बसायचो आणि एकमेकांच्या चपला ओळखून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडायचो.

जलदानविधीनंतर पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. सोसायटीला बेसमेंटमधली जागा रिकामी हवी होती. गुरुग्रामकडचा एक क्लब बग्गी न्यायला तयार होता, पण गाडी सुरू होणारी हवी. "भाऊजी, तेवढं करून द्याल का?" असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. वहिनींसाठी म्हटलं, उगाच कुणी दुसरा अर्थ काढू नये.

गाडी आगीनंतर होती तशीच उभी होती. टाकीपाशी निसटलेला पाइप आणि त्याची क्लिप तेवढी नव्हती, बाकी सहा वर्षांत तिच्या एका स्क्रूलाही कुणी हात लावला नव्हता. पिंजऱ्याच्या सांध्यांत अजून वाळू होती. टाकीचा बोल्ट सोडून तळाचं पेट्रोल बादलीत घेतलं, ते काकवीसारखं तपकिरी झालं होतं आणि त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. पट्ट्या कापल्या, टाकी उतरवली आणि हलवली. आत गंजाचे पोपडे खुळखुळले. "ठीक आहे ना टाकी?" मी मोठ्यानं म्हटलं. बेसमेंटमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. मापाची नवी ॲल्युमिनियमची टाकी मी करून आणली होती. ती बसवली, रबराच्या पट्ट्या घातल्या, इंजिनापर्यंत नवे पाइप ओढले. एक पाना कमी पडला म्हणून दादाची हत्यारांची पेटी उघडली. त्यात एक स्टीलचा डबा होता, आणि डब्यात वर्तमानपत्राची पुडी. पुडीवर दादाचं ते घोटीव अक्षर... 'बग्गी. पाइप व क्लिप.' वर तारीख घातलेली, आगीच्या दुसऱ्या दिवसाची.

आत माझा काळा पाइप नव्हताच. वीतभर पारदर्शक पाइप होता, कूलरच्या पंपाला लावतात तो. पिवळा पडलेला, लाकडासारखा कडक, टोकाला चिरलेला. पेट्रोलमध्ये तो तसाच होणार. शेजारी माझी क्लिप. पिवळी रेघ तुटलेली, एक तुकडा इकडे आणि दुसरा पाव फेरा पलीकडे. सगळा प्रकार मला तिथेच उभ्या उभ्या कळला. टाकीतल्या गंजानं लाइन तुंबली असणार, आणि नेमकी कुठे तुंबते ते त्याला बघायचं होतं. काळ्या पाइपातून दिसत नाही. पेट्रोलनं सुद्धा ह्याला 'दाखव' म्हटल्यावर दाखवलं पाहिजे होतं. मला फोन करायचा सोडून यानं माझी क्लिप खोलली, माझा पाइप काढला आणि घरातल्या कूलरचा लावला. पुरावा मात्र नष्ट केला नाही. जन्मभर ऑडिट केलेला माणूस, ते त्याच्या हातून झालं नसतं. ते त्यानं नीट बांधलं, वर तारीख घातली, डब्यात ठेवलं आणि सहा वर्षं झाकण घट्ट लावून माझी बेअब्रू ऐकत बसला.

डबा घेऊन वर गेलो. वहिनी चहा करत होत्या. पातेलं उजव्या हातानं धरतात, डाव्या हाताची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. लिफ्टमध्ये मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, गेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर उघडं पाडू नये. त्या हाताकडे बघितलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. पुडी ओट्यावर उलगडली. म्हटलं, "वहिनी, हा कूलरचा पाइप आहे. क्लिप मी ढिली ठेवली नव्हती."

त्यांनी गॅस बंद केला. पाइपकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "माहीत आहे, भाऊजी. त्या उन्हाळ्यात आमचा कूलर आठ दिवस कोरडा चालला होता."

"मग बोलला का नाहीत? सहा वर्षं मंडळात मी मान खाली घालून..."

"बोलले होते. ह्यांना. दोनदा." त्या कपात चहा गाळत राहिल्या. "सिधूला सांगतो म्हणाले, पण आधी गाडी तरी त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊ, मग सांगतो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही याल म्हणून वाट बघायचे."

"वाट बघायचे म्हणे. फोन होता ना घरात."

"तुम्ही चिडून तुमच्या घरी जायचात, भाऊजी. मला ह्याच घरात राहायचं होतं."

चहा प्यायलो. साखर घालायला त्या विसरल्या होत्या, मीही मागितली नाही. मग म्हणाल्या, "लिहाल ना मंडळाच्या पुरवणीत? आता लिहा. आता मी काही म्हणणार नाही." म्हणून लिहितो आहे, त्यांना विचारून. ज्यांनी ज्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या त्यांनी वाचावं.

बग्गी दुसऱ्या दिवशी सुरू झाली, दोनदा सेल्फ मारल्यावर. प्रत्येक सांध्याखाली कागद धरून बघितलं, थेंब नाही. क्लिपांवर पिवळ्या रेघा ओढल्या, आणि क्लबची माणसं ती टेम्पोवर चढवून घेऊन गेली. कूलरचा पाइप मी कचऱ्यात टाकला. क्लिप घरी आणली, ती आता खिडकीत असते, पेचकस शेजारीच. रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आणायला स्क्रूला फक्त पाव फेरा द्यावा लागतो. एका मिनिटाचंही काम नाही ते. रोज सकाळी ती हातात घेतो, बघतो, आणि तशीच परत ठेवतो. ज्यानं फिरवली त्यानंच येऊन सरळ करायला हवी होती.