डावं पिंप

मी एकदा एका प्लास्टिकच्या पिंपाला चोरून जेवू घातलं आणि जुन्नर तालुक्यातल्या सगळ्यांत वेड्या माणसाच्या तोंडचं पाणी पळवलं. तो माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. गटाराच्या गाळावर एवढी माया करणारा दुसरा इसम मी पाहिलेला नाही. नोकरी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात, पण बेल्ह्याच्या बाजारातही लोक बैलांचे दात बघत, भाऊजी शेण हुंगत आणि म्हणत, "झकास आंबंल, राव!" लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की त्यांना गाळातले जंतू आठवायचे, आणि शेजारचे पाट भराभर रिकामे व्हायचे.

एकदा त्यांनी कुठूनसं माणसाला ऐकूच न येणाऱ्या आवाजाचं यंत्र मागून आणलं. त्याची पोलादी दांडी गाळात बुडवायची नि बटण दाबायचं. "वैनी, आवाजानं गाळातल्या जंतूंची टरफलं फुटत्यात! मग बंद पिंपातल्या दुसऱ्या जंतूंना आयतं भरडलेलं खाणं. गॅस लई होतोय बगा!" गोठ्यामागं दोन बंद पिंपं मांडली. उजव्यातल्या गाळाला आवाज दिलेला, डाव्यातल्याला नाही. दोन्हींना गॅस साठवायला एकेक रबरी ट्यूब. उजवी जास्त फुगली, तरच त्यांचे साहेब केंद्रात मोठं यंत्र बसवणार होते.

आता माझी अक्कल बघा! सून आणायच्या वयाची बाई मी. पण एक पिंप लाडकं नि एक सावत्र, हे मला बघवेना. रोज सकाळी डाव्याच्या गाळ भरायच्या नळीतून चार तांबे शेणकाला ओतायचा, वर भाताची पेज. बिचारं उपाशी!

साहेब पिंपं बघायला यायच्या आदल्या दिवशी डावी ट्यूब टरटरून फुगलेली, उजवी निम्मीच. भाऊजी मटकन खाली बसले. "खोटंच व्हतं म्हनायचं समदं."

मी पदर तोंडाला लावून कबूल केलं. भाऊजी उडालेच! "म्हंजी डावी ट्यूब शेणानं फुगली व्हय? मंग आवाज अजून खोटा ठरला न्हाई!" साहेबांकडून मुदत मागितली, पिंपं धुतली, नवा गाळ भरला. या खेपेला मी गोठ्यामागं पाऊल टाकलं नाही. उजवी ट्यूब डावीला मागं टाकून अशी फुगली, की आम्ही दीर-भावजय गोठ्यात नाचलो, म्हशी बिथरल्या. साहेबांनी यंत्राला होकार दिला.

ते गेल्यावर भाऊजी पिंपाला टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वैनी, समदी नाक धरून पळत्यात. चुकीचं का असंना, माज्या गाळाला हातानं खाऊ घालणाऱ्या तुमी एकल्याच निघाल्या."