दाजींचे एक्केचाळीस बिंदू

दाजींनी आयुष्यात चार वेळा सडकून मार खाल्ला, आणि चारही वेळा नकाशापायी. ते आमच्या कार्यालयातल्या एका कारकुनाच्या बहिणीचे नवरे. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत आम्ही सगळेच म्हणू लागलो. पहिल्यांदा चोरून वाळू उपसणाऱ्यांनी फावड्याच्या दांड्याने त्यांची पाठ सोलली. दुसऱ्यांदा लाकूडचोरांनी दोन बोटं मोडली. तिसऱ्यांदा एका बंगलेवाल्याने अंगावर कुत्री सोडली. "कुत्र्यांवर माझा राग नाही," पोटरीवरचे टाके दाखवत दाजी म्हणायचे, "त्यांना निदान नकाशा वाचता येत नव्हता."

चौथा मार खरं तर माझ्या वाट्याचा होता.

आमचं काम उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करायचं. चित्र बारीक चौकोनांचं असतं. त्या एकेका चौकोनाला पिक्सेल म्हणतात, आणि आमच्या एका पिक्सेलमध्ये दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन मावते. पाणी, झाडं, घरं, उघडा खडक, प्रत्येकावरून उजेड निराळा परततो, आणि त्यावरून संगणक ठरवतो कुठे काय आहे. पण आधी त्याला नमुने दाखवून शिकवावं लागतं: हे बघ, हे घर, हे बघ, ही पडीक जमीन. नमुने निवडायची मी, खुर्चीत बसून. ते खरे आहेत का, हे जागेवर चालत जाऊन बघायचे दाजी. त्याला आमच्यात ग्राउंड ट्रुथ म्हणतात.

त्या वर्षी दाजी तापाने पडले होते आणि मला घाई होती. त्यांची वाट न बघता मी दगडाच्या खाणीजवळचे राखाडी पिक्सेल पडीक जमिनीचा नमुना म्हणून घेतले. ती घरांची छपरं होती. वर्षानुवर्षं खाणीची भुकटी बसून ते पत्रे खडकासारखेच दिसत होते. संगणक बिचारा आज्ञाधारक. त्याने दोनशे घरांची अख्खी वस्ती पडीक ठरवली. एकूण नकाशाची अचूकता चौऱ्याण्णव टक्के भरली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

नकाशाप्रमाणे तिथे कोणी राहतच नव्हतं, म्हणून सरकारने ती जागा खाण वाढवायला देऊन टाकली. सोमवारी पाडायची यंत्रं आली आणि दुपारपर्यंत निम्मी वस्ती भुईसपाट झाली. एका आजारी म्हातारीच्या अंगावर भिंत पडली. तिला बाहेर काढलं तेव्हा सुनेला ती फक्त बांगड्यांवरून ओळखता आली. उरलेल्या घरांची पाळी शुक्रवारी होती.

"नमुने कुठले घेतलेस, पोरी?" दाजींनी विचारलं. मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त जागा नोंदवायचं यंत्र पिशवीत टाकलं. "शुक्रवारच्या आत नकाशा दुरुस्त झाला, तर शंभर घरं वाचतील," म्हणाले आणि निघाले.

मंगळवारी वस्तीतल्या लोकांनी पिशवीवरचं आमच्या कार्यालयाचं नाव वाचलं. "हाच तो नकाशेवाला!" मग सळया आल्या, विटा आल्या. तीन बरगड्या मोडल्या. एक सळई डाव्या डोळ्यात गेली. त्यांना दवाखान्यात पोचवलं म्हातारीच्याच सुनेने. तिने पहिली वीट मारली होती. तिने मला सांगितलं, "मार खाताना एकच बोलत होते, पाच घरं राहिली, तेवढी नोंदवू द्या. तेव्हा आमचे हात थांबले. नोंदवली त्यांनी, सरपटत."

यंत्रात एक्केचाळीस बिंदू होते, एकेक घराच्या दारातला; संगणकाला नव्याने शिकवायला तेवढे नमुने पुरे होते. त्याच्या बटणांत रक्त सुकलं होतं. "हे नकाशात भर," दाजी मला म्हणाले.

साहेबांनी दार लावून घेतलं. "दुरुस्ती केलीस की चौकशी आली. नमुने कोणाचे, हे विचारणारच. आणि एक बाई मेली आहे. पुढच्या महिन्याच्या नकाशात गुपचूप सरकवू."

माझी पाचावर धारण बसली. बुधवार गेला. गुरुवारी मी ते बिंदू उघडले, बंद केले, पुन्हा उघडले आणि घरी जाऊन जेवले. शुक्रवारी सकाळी अकराला चूक माझी असल्याचं लिहून मी दुरुस्त नकाशा पाठवला. यंत्रं नऊ वाजताच पोचली होती. लोक आडवे झाले, दगड चालले, मग पोलिसांच्या गोळ्या चालल्या. तीन माणसं गेली, आणि घरं तर गेलीच. त्या तिघांत म्हातारीची सून होती.

दाजींना मी हे सगळं सांगितलं, नऊ आणि अकराच्या वेळांसकट. कधी कोणावर हात न उचललेला तो माणूस सलाईनची सुई उपसून उठला आणि त्याने माझ्या थोबाडीत मारली. मग दुसरी. माझा ओठ फाटला. बरगड्यांच्या कळेने ते स्वतःच विव्हळत होते, तरी हात थांबत नव्हता. नर्स धावत आली आणि त्यांना धरू लागली.

"सोडा त्यांना, सिस्टर," मी म्हटलं. "मारू द्या."